उच्च विद्युतदाबाचा शीत प्लाझ्मा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवेत वीज खेळवून क्रियाशील वायू तयार करायचे आणि त्यांनी अन्नावरचे, बियाण्यावरचे जंतू मारायचे, असं हे तंत्र. त्याचं नाव ऐकलं की लोकांचं लक्ष 'उच्च विद्युतदाब' या शब्दांवर खिळतं. माझ्या मते खरी गोष्ट विजेची नाहीच, हवेच्या रसायनाची आहे. वीज काही मिनिटांत आपलं काम उरकते, पुढचं बरंचसं काम खटका बंद केल्यावर चालू राहतं. खालचे प्रश्न अन्नप्रक्रिया, शेती आणि प्रयोगशाळांमध्ये काम करणारे लोक पुन्हा पुन्हा विचारतात.

हा प्लाझ्मा म्हणजे रक्तातलाच का?

नाही. रक्तातला प्लाझ्मा म्हणजे रक्तद्रव. इथला प्लाझ्मा म्हणजे असा वायू, ज्यातल्या काही रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटून मोकळे फिरत असतात. आकाशात वीज कडाडते तेव्हा तिच्या वाटेतली हवा प्लाझ्मा होते, पेटलेल्या ट्यूबलाइटच्या आतही प्लाझ्माच असतो. हे नाव अर्विंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२८ मध्ये दिलं. त्यांच्या एका सहकाऱ्याच्या आठवणीनुसार, रक्तातला प्लाझ्मा जसा पेशी वाहून नेतो तसा हा वायू इलेक्ट्रॉन आणि आयन (विद्युतभार असलेले अणू-रेणू) वाहून नेतो, हे साम्य त्यांच्या मनात होतं. म्हणजे गोंधळ आपल्या पिढीचा नाही, नाव ठेवणाऱ्यानेच तो करून ठेवला आहे. मराठीत 'आयनद्रायू' असा शब्द आहे, पण कामावर सगळे प्लाझ्माच म्हणतात.

प्लाझ्मा हजारो अंश तापलेला असतो असं ऐकलं आहे. मग हा 'शीत' कसा?

तापमान कोणाचं, हा प्रश्न आहे. या प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा साधारण १ ते १० इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं सूक्ष्म एकक) असते, आणि १ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० केल्विन. पण नायट्रोजनचा रेणू इलेक्ट्रॉनपेक्षा जवळपास ५०,००० पट जड असतो. उभ्या ट्रकवर गोटी कितीही जोरात मारली तरी ट्रक जागचा हलत नाही, तसंच हे. इलेक्ट्रॉन त्या धडकेत रेणूला फोडू शकतो, उद्दीपित करू शकतो, पण त्याची धावण्याची गती फारशी वाढवत नाही, आणि वायूचं तापमान म्हणजे रेणूंची ही धावच. म्हणून इलेक्ट्रॉन प्रचंड तापलेले असूनही आजूबाजूची हवा खोलीच्या तापमानापेक्षा थोडीच वर जाते. वेल्डिंगच्या विद्युतकमानीत (आर्क) विद्युतप्रवाह मोठा असतो आणि तो सतत वाहतो, त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि रेणू यांना एकमेकांच्या तापमानाला यायला वेळ मिळतो. तो झाला तप्त प्लाझ्मा.

'उच्च दाब' आणि 'वातावरणीय दाब', दोन्ही एकाच वेळी?

मराठीत 'दाब' शब्द दोन्हीकडे येतो, म्हणून ही गल्लत होते. उच्च आहे तो विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज. वायूचा दाब मात्र नेहमीच्या हवेइतकाच. याचा मोठा फायदा म्हणजे निर्वात पंप आणि हवाबंद जाड कक्ष लागत नाहीत. ओला पदार्थ निर्वातात ठेवला की त्यातलं पाणी उकळू लागतं, त्यामुळे फळं-भाज्यांसाठी निर्वातातला प्लाझ्मा फारसा कामाचा नाही.

एवढं व्होल्टेज लागतंच कशाला?

नेहमीच्या दाबाला कोरडी हवा फोडायला, म्हणजे तिच्यातून वीज वाहायला लावायला, दर मिलिमीटरला साधारण ३ किलोव्होल्ट लागतात. दोन इलेक्ट्रोडमध्ये (वीज सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये) एक-दोन मिलिमीटर फट असेल तर काही किलोव्होल्टवर भागतं. पण त्या फटीत भाजीचं पाकीट किंवा दाण्यांचा थर ठेवायचा तर अंतर काही सेंटिमीटर होतं, आणि आकडा ६० ते ९० किलोव्होल्टपर्यंत चढतो. हेलियम किंवा आर्गॉन वापरलं तर कमी व्होल्टेजवर काम होतं, पण मग त्या वायूंचा खर्च आला. साधी हवा वापरता येणं हेच या पद्धतीचं बलस्थान आहे.

व्होल्टेज मोठं असलं तरी प्रवाह मिलिअँपिअरमध्ये असतो. प्रयोगशाळेतलं यंत्र बहुधा काहीशे वॅटमध्ये चालतं, म्हणजे घरातल्या मिक्सरइतकंच. एक गोष्ट मात्र आकडे वाचताना तपासावी. '८० किलोव्होल्ट' लिहिलं असेल तर ते आरएमएस (तरंगाचं एक प्रकारचं सरासरी मूल्य) आहे की शिखरमूल्य? साइन तरंगात ८० आरएमएस म्हणजे शिखराला ११३ किलोव्होल्ट. हा तपशील न देणारे अहवाल मी तरी बाजूलाच ठेवतो.

मग वीज कोसळल्यासारखी ठिणगी का पडत नाही?

कारण मध्ये अडथळा असतो. इलेक्ट्रोडच्या तोंडाशी काच, सिरॅमिक किंवा प्लास्टिकचा विद्युतरोधक पत्रा ठेवतात. प्रवाह वाहू लागला की त्या पत्र्यावर विद्युतभार साचतो, साचलेला भार विद्युतक्षेत्र कमी करतो आणि तो विशिष्ट प्रवाहमार्ग स्वतःच विझतो. प्रत्यावर्ती विजेची दिशा उलटली की पुन्हा नव्याने सुरू. प्रवाहाचा एकेक धागा साधारण दहा ते शंभर नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद) टिकतो, आणि असे असंख्य धागे पृष्ठभागभर उमटत-विझत राहतात. ठिणगीला विद्युतकमान बनायला फुरसतच मिळत नाही. याला डायइलेक्ट्रिक बॅरियर डिस्चार्ज म्हणतात. वेर्नर फोन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये ओझोन तयार करण्यासाठी ही रचना वापरली होती, म्हणजे 'अत्याधुनिक' म्हणून विकलं जाणारं हे तंत्र मुळात दीडशे वर्षांहून जुनं आहे.

दिवे मालवून पाहिलं तर पाकिटात जांभळट उजेड दिसतो. हा उद्दीपित नायट्रोजनचा उजेड, त्यातला बराचसा भाग अतिनील असल्याने डोळ्यांना दिसतही नाही. आवाज तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा, चर्र, आणि त्याखाली ट्रान्सफॉर्मरचा घुमारा. एकदा आमच्या पाकिटाच्या कोपऱ्यात ॲल्युमिनियम फॉइलचा नखाएवढा तुकडा राहून गेला. सगळे धागे त्या टोकाशी गोळा झाले, बाकीचं पाकीट अंधारात, आणि अर्ध्या मिनिटात तिथे भोक. धातूचा थर असलेली चकचकीत पाकिटं या यंत्रात का चालत नाहीत, हे त्या दिवसानंतर कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

सीलबंद पाकिटाच्या आत प्रक्रिया होते म्हणजे नेमकं काय होतं?

या पद्धतीची सगळ्यात देखणी बाजू हीच. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात केविन कीनर यांच्या गटाने आणि आयर्लंडमध्ये डब्लिनच्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं. पदार्थ प्लास्टिकच्या पाकिटात किंवा डब्यात भरतात, हवा किंवा ठरलेलं वायुमिश्रण भरून सील करतात, आणि ते पाकीट दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये ठेवतात. विद्युतक्षेत्र प्लास्टिकमधून आरपार जातं आणि आतला वायू फुटतो. इलेक्ट्रोड पदार्थाला शिवत नाही.

साधारण एक ते पाच मिनिटं यंत्र चालवतात. एवढ्यात इलेक्ट्रॉन ऑक्सिजनचे रेणू तोडतात, त्याला सुमारे ५.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. नायट्रोजनचा बंध जास्त चिवट, ९.८ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. सुटे अणू मग मिळेल त्याला चिकटतात आणि ओझोन, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, डायनायट्रोजन पेंटॉक्साइड तयार होतात. ओलावा असेल तर हायड्रॉक्सिल मूलक, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि नायट्रिक आम्लही.

त्यानंतर पाकीट न उघडता तसंच ठेवतात, बहुतेक प्रयोगांत २४ तास, आणि ही पायरी लोक विसरतात. सर्वांत चपळ कण मायक्रो- ते मिलिसेकंदांत संपतात, पण ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तासन्‌तास काम करत राहतात, खाचाखोचांत शिरतात. यंत्रातून काढल्या काढल्या मोजलेले जिवाणू आणि दुसऱ्या दिवशी मोजलेले जिवाणू यांच्यात मोठा फरक पडू शकतो. दरम्यान ओझोनचं पुन्हा ऑक्सिजन होतं. शिवाय पाकीट बंदच असल्याने प्रक्रियेनंतर नवा संसर्ग होण्याची वाट बंद.

जिवाणूंना मारतं कोण? वीज, अतिनील किरण, की वायू?

बंद पाकिटात मुख्यतः वायूच. हवेतल्या या प्लाझ्मात जिवाणूंना थेट मारणारे लघुलहरी अतिनील किरण कमी असतात, आणि जे असतात त्यांतले बरेचसे ओझोनच शोषून घेतो. ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे क्रियाशील कण पेशीच्या आवरणातल्या मेदांचं ऑक्सिडीकरण करतात, आवरण गळू लागतं, मग प्रथिनं आणि डीएनए यांची पाळी. जाड आवरणाचे बीजाणू सर्वांत चिवट. त्यांच्यावर कोरड्या वायूपेक्षा दमट वायू बऱ्याचदा जास्त प्रभावी ठरतो.

पाकिटात कोणता वायू भरावा?

कशासाठी वापरायचं आहे त्यावर अवलंबून. साधी हवा असेल तर ओझोनसोबत नायट्रोजनची ऑक्साइडं भरपूर बनतात. ऑक्सिजन वाढवला तर पारडं ओझोनकडे झुकतं. कीनर यांच्या गटाने ६५ टक्के ऑक्सिजन, ३० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ५ टक्के नायट्रोजन असं मिश्रणही वापरलं आहे, कारण असा ऑक्सिजनबहुल वायू मांसाच्या पॅकिंगमध्ये आधीपासून रूढ होता.

यात एक मजेशीर अडचण आहे. ओझोन हवा म्हणून शक्ती वाढवत गेलात की एका टप्प्यानंतर ओझोन उलट घसरतो. नायट्रिक ऑक्साइड वाढून तो ओझोन खाऊन टाकतो. कधी कधी हे डोळ्यांनी दिसतं: पाकिटातली हवा तपकिरी झाक धरते, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड साचला. 'जास्त वेळ, जास्त व्होल्टेज, जास्त परिणाम' हा हिशेब इथे चालत नाही. ओलाव्यानेही समीकरण बदलतं, तो ओझोन कमी करतो आणि पेरॉक्साइड वाढवतो. म्हणून आर्द्रता न नोंदवता केलेला प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येत नाही.

'५ लॉग घट' म्हणजे काय?

एक लॉग म्हणजे दहापैकी नऊ मेले. पाच लॉग म्हणजे एक लाखातला एक उरला, ९९.९९९ टक्के घट. अमेरिकेत फळांच्या रसासाठी २००१ च्या नियमात हाच पाच लॉगचा निकष आहे. काचेच्या पट्टीवर पसरलेल्या जिवाणूंवर मिळालेले पाच लॉग पालकाच्या पानावर मिळतीलच असं नाही. पानाला छिद्रं असतात, घड्या असतात, आणि जिवाणू चिकट थर करून राहतात.

धान्यातली बुरशी आणि अफ्लाटॉक्सिन यावर उपयोग होतो का?

मला सर्वांत आशादायक वाटणारा उपयोग हाच. बुरशी मारणं तुलनेने सोपं, पण तिने मागे ठेवलेलं विष उरतं. अफ्लाटॉक्सिन बी१ हे असंच विष, ते नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने पुरतं जात नाही. त्याच्या रेणूच्या टोकाला फ्युरान वलयात एक दुहेरी बंध आहे, आणि त्याची विषारी करामत बरीचशी त्या बंधामुळे. ओझोन नेमका तिथेच हल्ला करतो. मक्यावर उच्च विद्युतदाबाच्या प्लाझ्माने केलेल्या प्रयोगांत अफ्लाटॉक्सिन लक्षणीय घटलेलं दिसलं, आणि वायू दमट असताना परिणाम वाढला.

आता पाय जमिनीवर. दाण्याच्या पृष्ठभागावरचं विष आणि दाण्याच्या आत, अंकुराजवळ मुरलेलं विष या दोन वेगळ्या गोष्टी. वायू आत मुरायला वेळ लागतो. आणि मूळ रेणू दिसेनासा झाला म्हणजे धान्य निर्धोक झालं असं नाही. तुटून काय बनलं आणि ते पेशींना किती अपायकारक, हे वेगळं तपासावं लागतं. नुसता 'अमुक टक्के घट' हा आकडा अर्धी बातमी आहे.

अन्नाची चव, रंग, पोषण बिघडतं का?

बिघडू शकतं. जे रसायन जिवाणूच्या आवरणातला मेद जाळतं ते माशातला, शेंगदाण्यातला मेदही ओळखतं. मात्रा जास्त झाली तर खवट वास येतो. बेरीवर्गीय फळांचे लाल-जांभळे रंगद्रव्य आणि जीवनसत्त्व सी यांनाही फटका बसतो. सुके मसाले आणि टणक धान्य बरंच सोसतात, कापलेली फळं कमी.

मांसाच्या बाबतीत उलटीच कथा आहे. प्लाझ्माने पाण्यात नायट्राइट तयार होतं, आणि सॉसेजसारख्या पदार्थांना गुलाबी रंग देण्यासाठी नायट्राइटच घालतात. तेव्हा प्लाझ्माचं पाणी हाच नायट्राइटचा स्रोत म्हणून वापरता येईल का, यावर कोरियात काम झालं आहे. एकाचा दोष तो दुसऱ्याचा कच्चा माल.

प्लाझ्मा-सक्रिय पाणी म्हणजे काय?

पाण्यावर किंवा पाण्यात प्लाझ्मा चालवला की त्यात नायट्रेट, नायट्राइट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उतरतात आणि पीएच ३ च्या आसपास घसरू शकतो. नुसत्या आम्लतेने जेवढे जिवाणू मरतील त्यापेक्षा हे पाणी जास्त मारतं. आम्लधर्मी पाण्यात नायट्राइट आणि पेरॉक्साइड मिळून पेरॉक्सिनायट्रस आम्ल तयार होतं, ते अल्पायुषी पण जहाल. याच कारणाने हे पाणी बाटलीत भरून महिनोन्‌महिने ठेवता येत नाही. थंडीत ते जास्त टिकतं.

बियाणं लवकर उगवतं हे खरं का?

काही पिकांत, काही मात्रेत, हो. बीच्या सालीवर पाण्याचा थेंब गोळा होऊन बसत असेल तर प्रक्रियेनंतर तो पसरतो, म्हणजे बी पाणी लवकर पिते. सालीवरची बुरशीही कमी होते. मात्रा ओलांडली की अंकुर दुबळा होतो. मुळातच जोमदार बियाण्यात फरक फारसा दिसत नाही, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

जखमांवर वापरतात तो हाच प्लाझ्मा का?

तत्त्व तेच, यंत्र वेगळं. ८० किलोव्होल्टचं पाकिटयंत्र माणसाजवळ आणायचं नसतं. वैद्यकात पेनसारख्या हत्यारातून आर्गॉनची बारीक फुंकर किंवा त्वचेपासून किंचित अंतरावर धरायचा छोटा इलेक्ट्रोड वापरतात, आणि त्वचेवरचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आत ठेवतात. जर्मनीत बनलेल्या अशा उपकरणाला २०१३ मध्ये वैद्यकीय उपकरण म्हणून युरोपची मान्यता मिळाली. मुख्य उपयोग दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमा. कर्करोगावरचं काम अजून संशोधनाच्या टप्प्यात आहे, उपचार म्हणून कोणी विकत असेल तर सावध व्हा. रुग्णालयातली हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्माची निर्जंतुक यंत्रं कमी दाबावर चालतात, ती या कुळातली नव्हेत.

अन्न आणि औषधाबाहेर?

तिथे तर ते केव्हाच रुजलं आहे. पॉलिइथिलीनच्या फिल्मवर शाई धरत नाही, कारण तिची पृष्ठऊर्जा (पृष्ठभागावर द्रव किती पसरेल ते ठरवणारी) मीटरला सुमारे ३१ मिलिन्यूटन एवढीच असते. छपाईआधी फिल्म कोरोना डिस्चार्जखालून, म्हणजे हवेतल्या अशाच विद्युतविसर्गाखालून, नेली की ती ३८ च्या वर जाते आणि शाई बसते. हा परिणाम दिवसागणिक ओसरतो, म्हणून छापखान्यात जुना रोल पुन्हा 'मारून' घेतात. पाणी शुद्ध करणारा ओझोनही बॅरियर डिस्चार्जमधूनच येतो. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून पाण्यासाठी तो वापरला गेला.

यात किरणोत्सर्ग असतो का?

नाही. किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० चे गॅमा किरण १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात, इथले इलेक्ट्रॉन जेमतेम दहा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. व्होल्टेज ८० हजार असूनही असं का? कारण नेहमीच्या दाबाच्या हवेत इलेक्ट्रॉन एक मायक्रोमीटर धावतो न धावतो तोच कशाला तरी धडकतो. वेग घ्यायला त्याला मोकळं मैदानच मिळत नाही.

मग धोका कशाचा?

दोन गोष्टींचा. पहिली वीज: प्रवाह कमी म्हणून निर्धास्त राहू नये, साचलेला भार यंत्र बंद केल्यावरही झटका देऊ शकतो. दार उघडताच वीज तुटणारी कुलूपव्यवस्था आणि हात लावण्याआधी अर्थिंगची काठी, यात सूट नाही. दुसरी, वायू. कामाच्या जागी आठ तासांसाठी ओझोनची अमेरिकेतली कायदेशीर मर्यादा ०.१ पीपीएम (दहा लाख भागांत ०.१ भाग) आहे, आणि ५ पीपीएम तात्काळ धोकादायक मानतात. पाकिटाच्या आत तो शेकडो-हजारो पीपीएम असू शकतो. नाकाला ओझोन फार कमी प्रमाणातही कळतो, पण नाक लवकर सरावतं, तेव्हा 'वास येत नाही' हे मोजमाप नव्हे. भिंतीवर मोजणी यंत्र हवंच. नायट्रोजन डायऑक्साइड जास्त कपटी: फुफ्फुसांवरचा परिणाम काही तासांनी दिसू शकतो.

एवढं चांगलं आहे तर कारखान्यांत सर्रास का दिसत नाही?

एका पाकिटावर जमलेलं काम तासाला हजारो पाकिटांवर जमवणं कठीण. पाकिटाचा आकार, भरती, ओलावा बदलला की प्लाझ्मा बदलतो. पदार्थ एकमेकांच्या सावलीत येतात. इलेक्ट्रोड मोठा केला की वीजपुरवठ्यावरचा भारही वाढतो. 'मात्रा' कशी मोजायची यावर एकमत नाही: कोणी मिनिटं सांगतं, कोणी व्होल्ट, कोणी वॅट, आणि तीन प्रयोगांची तुलना होत नाही. वर अन्न नियामकांना उरलेल्या नायट्रेट-नायट्राइटचा आणि नव्याने बनलेल्या संयुगांचा हिशेब द्यावा लागतो. माझ्या अंदाजाने सुका माल, बियाणं आणि रिकामं पॅकिंग साहित्य आधी पुढे जाईल, ताजं मांस-मासळी बरंच नंतर.

यंत्र विकणारा प्रात्यक्षिक दाखवतो आहे. काय विचारू?

त्याच्या नमुन्यावर भाळू नका, आपला माल न्या, नेहमीच्याच ओलाव्याचा आणि नेहमीच्याच पाकिटातला. जिवाणू लगेच मोजले की २४ तासांनी, ते विचारा. मोजणीत प्रक्रिया न केलेलं पण तेवढाच वेळ तसंच ठेवलेलं पाकीट होतं का, हेही. व्होल्टेज आरएमएस की शिखर, वायू कोणता, आर्द्रता किती, याची नोंद मागा. पाकिटाच्या मधल्या आणि कोपऱ्यातल्या नमुन्यांचे आकडे वेगवेगळे मागा, सरासरी नको. आणि यंत्र चालू असताना खोलीतल्या ओझोनमापकाचा आकडा स्वतः वाचा. मापकच नसेल तर प्रात्यक्षिक तिथेच थांबवायला हरकत नाही.